डोंगरावरच्या गल्ल्यांचा नकाशा

पहिली रेघ मी ओढली ती अंधेरीच्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत. एका छोट्या कंपनीत मी बिलांचं काम बघायचे. माझ्या शेजारी बसणारा सहकारी डबा खाता खाता कॉम्प्युटरवर काहीतरी रंगवत असायचा. एकदा वाकून बघितलं तर नकाशा.

"हे काय रे, रिकामपणाचे उद्योग?"

"अगं, हा नकाशा कुणीही काढू शकतं. जगभरचे लोक काढतात, फुकट. मी आमच्या गोरेगावातली झाडं टाकतोय."

"झाडं?"

"मग काय! रस्ते सगळे टाकून झाले ना."

मी म्हटलं, घाटकोपर दाखव. त्याने दाखवलं. स्टेशन होतं, मेट्रो होती, मार्केट होतं, दवाखाने होते, मिठाईची दुकानंसुद्धा होती. तिथून रस्ता डोंगराच्या पायथ्याशी रिक्षा स्टँडपर्यंत येत होता आणि थांबत होता. पुढे नुसता राखाडी डाग.

"इथे कुणी राहत नाही वाटतं," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून त्याने विचारलं, "तू कुठे राहतेस गं?"

"ह्या डागात," मी म्हटलं.

बिचारा ओशाळला. त्याने लगेच खुर्ची सरकवून माऊस माझ्या हातात दिला. उपग्रहाचं चित्र मागे ठेवलं की आमचे पत्रे दिसत होते, पत्र्यांवरची निळी ताडपत्री दिसत होती, मध्येच पाण्याची मोठी टाकी दिसत होती. मी पायथ्यापासून टाकीपर्यंत एक रेघ ओढली. त्या आमच्या मोठ्या पायऱ्या. सेव्ह केल्यावर ती रेघ खरोखरच नकाशावर आली तेव्हा मला उगीचच हसू आलं. माझा डबा तसाच राहिला.

आजोबा जालन्याकडून आले तेव्हा त्यांनी डोंगराच्या निम्म्यावर खोली बांधली होती. नंतर येणारे त्यांच्या वर बांधत गेले, त्यांच्या मागून आलेले आणखी वर. वस्ती अशी चढत गेली. बहुतेक घरं आमच्यासारखीच, जालना, परभणी, बुलढाण्याकडून आलेली बौद्ध कुटुंबं. कुणी महापालिकेत, कुणी हॉस्पिटलात, कुणी बँकेत, कुणी कुरिअरवाला. वडील गेल्यानंतर घरात आई आणि मी, दोघीच. आई साड्यांना फॉल-पिको करायची. तिचं मशीन दारातच असायचं, कारण आत उजेड नव्हता. त्यामुळे आमच्या गल्लीला सगळे 'मशीनवाली गल्ली' म्हणायचे. तशीच टाकीची गल्ली होती, दळणाची गल्ली होती, विहारामागची गल्ली होती. मी सगळ्या काढल्या. रोज ऑफिसात सुट्टीत थोड्या, आणि घरी फोनवर थोड्या. आई विचारायची, "काय करतीस गं बोटानं सारखं?" मी सांगायचे, "आपलं घर टाकतेय." तिला वाटायचं मी कुणाला तरी दाखवायला फोटो टाकतेय, स्थळाबिळासाठी.

आणि मग तपासनीस आला.

हा शब्द माझा. त्या नकाशावर जुनेजाणते लोक असतात, ते नव्यांनी केलेले बदल बघतात, चूक वाटली तर टीप लिहितात आणि फारच चूक वाटली तर बदल उलटवून टाकतात. त्यांना कुणी नेमत नाही, तेही आपल्यासारखेच फुकट काम करणारे. माझ्या वाट्याला आलेल्या तपासनिसाचं टोपणनाव एका पक्ष्याचं होतं. पहिली टीप इंग्रजीत आली. तिचा अर्थ असा, की घरांचे आकार अंदाजाने काढलेले दिसतात आणि गल्ल्यांच्या नावांना आधार काय?

मी लिहिलं, "आधार म्हणजे? माझा जन्म इथला आहे."

उत्तर आलं, "जन्म हा आधार होत नाही. नाव जागेवर लिहिलेलं दिसायला हवं. दुसऱ्या कुणालाही जाऊन ते पडताळता यायला हवं."

दुसऱ्या दिवशी बघते तर गल्ल्या होत्या, नावं गेली होती. सगळी. इतकी तिडीक गेली डोक्यात! मेट्रोत उभ्या उभ्याच मी मराठीतून लिहिलं, की आमच्या गल्लीला पाटी नाही हा काय आमचा गुन्हा आहे का, आणि मोठ्या रस्त्यांवर पाट्या असूनही तिथे कुणी त्या नावाने ओळखत नाही, ते चालतं का तुम्हाला? तिकडूनही मराठीतच उत्तर आलं. शांत, कोरडं. "ते तपासलं नाही. हे तपासलं. पाटी नाही म्हणून नाव काढलं. राग नसावा."

राग नसावा म्हणे.

पुढचे कितीतरी दिवस आमचं हेच चाललं. मी टाकायचं, तिकडून काढायचं. मी पायऱ्यांना रस्ता म्हटलं तर, "पायऱ्यांवर रिक्षा चढते का? मग रस्ता नव्हे, पायऱ्या म्हणा." मी सार्वजनिक नळ टाकला तर, "पाणी चोवीस तास असतं का? पिण्याचं आहे का?" मी लिहिलं, "सकाळी येतं, भांडणासकट येतं." नळ राहिला.

आई हे सगळं ऐकून म्हणाली, "कोण आहे कोण हा मेला? बायकोनं घराबाहेर काढलेला दिसतोय."

मलाही तो पुरुषच वाटत होता. कुणीतरी रिटायर्ड साहेब, पॅन्टमध्ये शर्ट खोचलेला, चष्मा नाकावर आणलेला. आपल्या भाषेची गंमत अशी, की 'मी तपासलं, मी काढलं, मी पाहिलं' असं लिहिलं की लिहिणारा बाप्या आहे की बाई काही कळत नाही. आणि मीसुद्धा तसंच लिहीत होते.

शेवटी तोडगा आईने काढला. मशीनवरून मान वर न करता ती म्हणाली, "पाटी पाहिजे ना त्याला? लावू की पाटी. आपल्या भिंती आहेत, आपला रंग आहे. त्याच्या बापाचं काय जातंय?"

रविवारी विहारात वंदना झाल्यावर काकांनी विषय काढला. काका म्हणजे आमच्या विहार समितीचे अध्यक्ष; अख्खी वस्ती त्यांना काका म्हणायची. त्यांना वाटलं पाच मिनिटांत होईल. झाली मोठी सभा. मशीनवाली गल्ली, टाकीची गल्ली यावर कुणाची हरकत नव्हती. दळणाच्या गल्लीतली गिरणी बंद पडली होती, तरी नाव तेच ठेवायचं ठरलं. अडलं एका गल्लीवर. तिच्या टोकाला सार्वजनिक शौचालय होतं आणि त्या गल्लीला पहिल्यापासून सगळे 'संडास गल्ली'च म्हणत आले होते.

"हे भिंतीवर लिहिलंत तर मी रंगाचा डबा ओतेन खाली," त्या गल्लीतल्या एक वहिनी उठून म्हणाल्या. "माझ्या पोरीला बघायला पाहुणे यायचेत. काय सांगू त्यांना, या, संडास गल्लीत या?"

"मग काय लिहायचं?"

"काहीही लिहा. चांगलं लिहा."

मागून कुणीतरी खोडसाळपणे ओरडलं, "चंदन गल्ली लिहा!" सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत. "लिहा," त्या म्हणाल्या. "चंदन गल्लीच लिहा."

आणि तेच झालं. रिक्षांच्या मागे नक्षी काढणारा आमच्यातलाच एक पेंटर होता. त्याने त्याच दुपारी निळ्या चौकोनात पांढऱ्या अक्षरांनी सगळ्या गल्ल्यांच्या तोंडावर नावं लिहिली. चंदन गल्लीच्या खाली एक छोटं फूलही काढलं, वहिनींच्या आग्रहाखातर. मी फोटो काढले, नकाशाला जोडले, आणि वर लिहिलं, "पाट्या आहेत. जागेवर आहेत. आता बोला."

तिकडून आलं, "फोटो पाहिले. 'चंदन'मधल्या न चा रंग अजून ओघळतो आहे."

मला इतकं हसू आलं, की ऑफिसात सगळे वळून बघायला लागले. राग होता, पण हसूही आवरेना. मी लिहिलं, "मग येऊन बघा. वाळला असेल."

थोड्या वेळाने उत्तर. "रविवारी सकाळी येते."

येते! मी ते दोनदा वाचलं. मग मीही लिहिलं, "या. मी रिक्षा स्टँडवर न्यायला येते." तिकडेही कुणीतरी दोनदा वाचत असणार.

रविवारी स्टँडवर एक साठी उलटलेल्या बाई रिक्षातून उतरल्या. सुती पंजाबी ड्रेस, पायात बूट, डोक्यावर टोपी, खांद्याला पाण्याची बाटली.

"मला वाटलं तू कुणी इंजिनिअरिंगचा पोरगा असशील," त्या म्हणाल्या.

"आणि मला वाटलं तुम्ही कुणी रिटायर्ड साहेब."

"रिटायर्ड आहे. साहेब नाही."

त्या मुलुंडला राहायच्या, एकट्याच. कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर काय करावं ते सुचेना, तेव्हा भाच्याने हा नकाशा दाखवला. "आयुष्यभर पेपर तपासले," त्या म्हणाल्या. "तपासायला काहीतरी लागतंच मला." त्यांना काय हाक मारावी कळेना म्हणून मी बाई म्हटलं, आणि पुढे तेच राहिलं.

मोठ्या पायऱ्या चढताना त्या दर वळणावर थांबायच्या. मला वाटलं गुडघे दुखतायत. दुखतही असतील, पण त्या फोनवर नोंद करत होत्या. कठडा आहे की नाही, दिवा आहे की नाही. टाकीची गल्ली बघितली, दळणाची बघितली. प्रत्येक ठिकाणी पाटी बघून समाधान नाही. नळावर, दारात, जी बाई दिसेल तिला विचारायच्या, "ही कुठली गल्ली हो?" मी आदल्या दिवशीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, म्हणून जो तो पाटीवरचंच नाव सांगत होता.

चंदन गल्लीत शिरलो. तोंडाशीच त्या वहिनी नटूनथटून उभ्या. "चंदन गल्ली, बाई. पहिल्यापासून." पुढच्या दारात आणखी एक. "चंदन गल्ली." बाई मान डोलवत चालल्या होत्या. अर्ध्यावर एक म्हाताऱ्या आजी लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांना सांगायचं राहिलं होतं.

"आजी, ही कुठली गल्ली?"

आजींनी वर बघितलं. "संडास गल्ली की. अजून कुठली? घाई लागली का तुमाला? सरळ जावा, टोकाला हाय."

मी भिंतीला टेकले. मागून वहिनींनी कपाळावर हात मारून घेतल्याचा आवाज आला. बाईंच्या चेहऱ्यावर काही हाललं नाही. त्या हळूच माझ्याकडे वळून म्हणाल्या, "नियमाने दोन्ही नावं टाकायला हवीत. एक मुख्य, एक प्रचलित."

वहिनी धावत आल्या. "बाई, पाया पडते तुमच्या. नका टाकू."

बाई वहिनींकडे बघत राहिल्या. मग त्यांनी फोन पिशवीत टाकला. "नाही टाकत," म्हणाल्या. आणि तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. अगदी खदखदून, टोपी काढून, भिंतीला धरून हसल्या. वहिनीही हसायला लागल्या. आजी आपल्या विचारतायत, "काय झालं? काय म्हनले मी?"

विहाराचीही एक भानगड होती. मी तो विहार म्हणूनच टाकला होता, पण दुसऱ्याच कुणा तपासनिसाने, बहुतेक दुसऱ्याच शहरातून, छताचं चित्र बघून त्याचं 'सभागृह' करून टाकलं होतं. मी बाईंना ते सांगितलं. त्यांनी बूट काढले, आत गेल्या, मूर्तीपुढे हात जोडून थोडा वेळ उभ्या राहिल्या. काकांनी त्यांना "जय भीम, बाई" म्हटलं. त्यांनीही "जय भीम" म्हटलं. मग बाहेर पायरीवर बसून त्यांनी तिथल्या तिथे सभागृहाचं विहार केलं, आणि त्या दूरच्या माणसाला टीप लिहिली, की मी आत्ता इथे बसले आहे.

आमच्या गल्लीत आल्यावर मात्र त्यांनी मला सोडलं नाही. "ही तू सरळ काढलीयस."

"सरळच आहे बाई."

"सरळ? ते घर केवढं पुढे आलंय बघ. आणि इथून तू टाकीकडे जायला वाट दाखवलीस. कुठे आहे?"

मी बघितलं. तिथे शेजाऱ्यांची न्हाणी होती. खरंच की. ती वाट कधीच बंद झाली होती. शाळेतून येताना आम्ही पोरी त्या बोळातून पळत यायचो, दप्तरं दोन्ही भिंतींना घासत. रोज त्या न्हाणीवरून जात होते मी, पण नकाशा काढायला बसले तेव्हा बोळच काढला होता.

"तू लहानपणचा नकाशा काढलायस," बाई म्हणाल्या. त्या ओरडून बोलल्या नाहीत, पण बोळ मात्र त्यांनी पुसायलाच लावला.

आईने चहा केला. ज्याला इतके दिवस शिव्या घातल्या तो मेला ही बाई निघाल्यामुळे ती जरा गोंधळली होती. चहा पिता पिता बाईंनी विचारलं, "साडीला फॉल लावून द्याल का?" पुढच्या खेपेला त्या पिशवीभर साड्या घेऊन आल्या.

मग कितीतरी रविवार आम्ही एकत्र हिंडलो. डोंगराची दुसरी बाजू केली, मुलुंडला त्यांच्या सोसायटीमागच्या वाटा केल्या. त्यांच्याकडे गवती चहा आणि थालीपीठ ठरलेलं. भांडणं तर प्रत्येक वेळी. एका हातगाडीला दुकान म्हणायचं की नाही यावरून आम्ही मुलुंड स्टेशनच्या जिन्यात उभ्या राहून इतक्या मोठ्याने भांडलो, की हातगाडीवाला स्वतः येऊन म्हणाला, "मावशी, नसेल टाकायचं तर राहू द्या." आणि टाळेबंदीत जेव्हा रेशनच्या पिशव्या वाटणारी मंडळी कुणालाही न विचारता नीट टाकीच्या गल्लीपर्यंत वर आली, तेव्हा त्यांच्या फोनवर आमचाच नकाशा होता. मी बाईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मशीनवाल्या गल्लीपाशी अडखळले का?" नाही म्हटलं. "मग ठीक," म्हणाल्या आणि फोन ठेवला. थोड्याच वेळात परत केला, नुसतं "झकास" म्हणायला. हा शब्द त्यांच्या तोंडी मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

पुनर्विकासाची चर्चा आमच्याकडे मी लहान असल्यापासून चालू होती, त्यामुळे ती खरी होईल असं कुणालाच वाटत नव्हतं. ती खरी झाली. करार झाले, घरं रिकामी करायची तारीख आली, आणि वस्ती डोंगरावरून खाली उतरून पांगली. कुणी भांडुपला, कुणी मानखुर्दला. आम्ही दोघी विक्रोळीला भाड्याच्या खोलीत गेलो. आईचं मशीन चौघांनी मोठ्या पायऱ्यांवरून उतरवलं. ती त्यांच्या मागे मागे, "सांभाळून रे, सांभाळून" म्हणत. तिला मागे वळून बघायची सवडच मिळाली नाही, आणि ते बरंच झालं.

घरं पाडायला सुरुवात झाल्यावर थोड्याच दिवसांत बाईंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग त्या म्हणाल्या, "नकाशावरून आता ते काढावं लागेल. तू काढतेस की मी काढू?"

"कशाला काढायचं?"

"जे नाही ते ठेवता येत नाही गं. उद्या कुणी नकाशा बघून वर चढेल आणि समोर खड्डा असेल."

"कोण चढणारे आता तिथे?"

"कुणीही. नकाशा आठवणींसाठी नसतो."

"इतकी वर्षं आम्ही नव्हतोच त्याच्यावर," मी म्हटलं. "आत्ता कुठे आलो. लगेच काढा?"

 मग मी फोन ठेवून दिला. त्यानंतर बरेच महिने आम्ही बोललो नाही. त्यांचा फोन आला नाही आणि मी केला नाही. रविवारी घरात बसायचा कंटाळा यायचा, पण बूट घालायचीही इच्छा नसायची. आई एकदा म्हणाली, "बाईंच्या दोन साड्या राहिल्यात माझ्याकडं." मी ऐकलं नाही असं केलं. नकाशा मात्र मी रोज उघडून बघायचे, मेट्रोत. गल्ल्या होत्या. मशीनवाली होती, चंदन होती. बाईंनी हात लावला नव्हता.

एक दिवस उघडला तर सगळं साफ. पायऱ्या नाहीत, टाकी नाही, विहार नाही. परत तोच राखाडी डाग. वाटलं, केलंच शेवटी बाईंनी. कुणी केलं ते बघायला बदलांचा इतिहास उघडला, तर काढणारा भलताच कुणीतरी होता. नवीन उपग्रहचित्रात ढिगारे दिसले म्हणून त्याने घरबसल्या सगळं एका झटक्यात पुसलं होतं. त्याच्या खाली बाईंची टीप होती, त्याच दिवसाची.

"विहार उभा आहे. आज दुपारी स्वतः पाहिला, आत दिवा लावलेला होता. मोठ्या पायऱ्या खालून निम्म्यापर्यंत आहेत, पुढे नाहीत. टाकी आहे. चंदन गल्लीची एक बाजू उभी आहे, तिथे अजून एक कुटुंब राहतं. आधी जाऊन बघावं, मग काढावं." आणि त्यांनी त्याचा सगळा बदल उलटवला होता; माझ्या फोनवर तो अजून दिसायला लागला नव्हता, एवढंच.

त्या माणसाने वाद घातला होता. बाईंनी त्याच्या प्रत्येक वाक्याला उत्तर दिलं होतं. मी घाटकोपरला उतरायचं विसरून ते वाचत राहिले. मेट्रोचं ते शेवटचंच स्टेशन म्हणून बरं, सफाईवाल्या ताईंनी उठवलं. प्लॅटफॉर्मवरूनच मी फोन लावला.

"बाई, तुम्ही वर गेला होतात?"

"मग घरात बसून कसं कळणार?"

"अहो, तिथे नुसते दगडविटा पडलेत! एकट्या कशाला गेलात? मला सांगायचं ना!"

"तू फोन ठेवला होतास," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "काका भेटले वर. ते रोज येतात दिवा लावायला. त्यांनी हात धरून उतरवलं मला. तुझ्या आईची चौकशी करत होते."

पुढच्या रविवारी मी आईला घेऊन मुलुंडला गेले. साड्याही घेतल्या. बाईंनी थालीपीठ लावलं. खाणं झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर उघडला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी त्यांच्याकडे बघितलं. "तुझं आहे," त्या म्हणाल्या. "आवडलं नाही तर आज नको करूस. पण करशील तेव्हा तूच कर."

मी केलं, एकेक गल्ली पुसत. आई शेजारी स्टुलावर बसली होती. तिने नकाशा असा मोठा कधी बघितला नव्हता. दळणाच्या गल्लीवर मी बाण आणला तशी ती म्हणाली, "थांब." आणि तिथे राहणाऱ्यांबद्दल सांगायला लागली. कुणाची जाऊ कशी भांडखोर होती, कुणाच्या दारात मोगरा होता, कुणाच्या घरी पहिला टीव्ही आला तेव्हा सगळी गल्ली कशी खिडकीत लटकली होती. बाई ऐकत होत्या. सांगून झालं की आई म्हणायची, "हं. काढ." मग मी काढायचे. पुढच्या गल्लीवर पुन्हा, "थांब." असं संध्याकाळपर्यंत चाललं. मशीनवाल्या गल्लीवर आई काहीच बोलली नाही. मीच विचारलं, "आई?" तर पदराने चष्मा पुसत म्हणाली, "त्यातलं तुला सगळं ठाऊकच आहे की."

विहार ठेवला, टाकी ठेवली, निम्म्या पायऱ्या ठेवल्या, चंदन गल्लीची उभी असलेली बाजू ठेवली. मग बाईंनी आम्हाला इतिहास कसा बघायचा ते दाखवलं. कुठल्याही गल्लीवरून मागे मागे जाता येत होतं. कुणी काढली, कुणी बदलली, नाव कधी आलं, कधी गेलं. आमची सगळी भांडणंही तिथे होती, राग नसावा वगैरे.

"म्हणजे पार गेलं नाही," आई म्हणाली.

"गेलं," बाई म्हणाल्या. त्या आईशीसुद्धा खोटं बोलायच्या नाहीत. "पण होतं, हे कुणाला नाकारता येणार नाही."

पावसाळ्यानंतर मूर्ती तात्पुरत्या शेडमध्ये नेली, पायथ्याशी. पांगलेली सगळी वस्ती त्या दिवशी जमली. वहिनींची मुलगी कडेवर बाळ घेऊन आली होती. बाईही आल्या, आणि मिरवणूक शेडशी पोचल्यावर, सगळे वंदना म्हणत असताना, बाजूला उभ्या राहून त्यांनी मला खुणेने विचारलं, आत्ता हलवू का? मी मान डोलावली. त्यांनी नकाशावरचा विहार डोंगरावरून खाली आणला.

आता तिथे टॉवर होतोय. आम्हाला त्यात घर मिळणार आहे, कितव्या मजल्यावर ते अजून कळलेलं नाही. बाईंच्या गुडघ्यांनी आता जवळजवळ संपच केलाय. गेल्या हिवाळ्यात त्यांनीच हट्ट धरला म्हणून आम्ही तिघी मनोरीला गेलो. मार्व्याच्या धक्क्यावरून होडीत चढताना आईने बाईंचा दंड घट्ट धरला होता. आई आयुष्यात पहिल्यांदा होडीत बसत होती, त्यामुळे कोण कुणाला धरतंय ते कळत नव्हतं. पलीकडे उतरल्यावर आई कोळणीशी सुकटीचा भाव करत बसली, बाई एका ओट्यावर टेकल्या, आणि घरांच्या मागून किनाऱ्याकडे जाणारी पाऊलवाट मी एकटीने चालून काढली. परत येऊन फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो जवळ घेऊन, लांब धरून, बराच वेळ बघितला आणि मला परत दिला.

मला चैन पडेना. "बाई, काही चुकलंय का?"

"आज फिरायला आलोय," त्या म्हणाल्या. "चुकलं असेल तर उद्या लिहीन."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात पोचायच्या आत टीप आली होती. वाटेतली विहीर मी उजवीकडे दाखवली होती, ती डावीकडे होती.